लसीनंतरच्या त्रासाची नोंद : विश्वास ठेवावा तो कितपत?



पाड्यांवरील लसीकरणासाठी मदतीचे आवाहन केले की एक प्रश्न हमखास येतो : "लसीने माणसे दगावतात, सरकारच्याच नोंदीत तसे आकडे आहेत म्हणे. खरे काय?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. आपल्याच शहरातील एका कुटुंबाने तरुण डॉक्टर मुलीच्या मृत्यूनंतर मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. मृत्यू कोविड लसीच्या दुष्परिणामाने झाल्याचे केंद्राच्या समितीने मान्य केले आहे, असे याचिकेत म्हटले आहे. २०२२ मध्ये न्यायालयाने संबंधितांना नोटिसा काढल्या. म्हणून ही नोंद म्हणजे नेमके काय, ते समजून घेऊ.

लस घेतल्यावर जो काही त्रास होतो, त्याला सरकारी भाषेत 'लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना' म्हणतात. यातला 'नंतरची' हा शब्द महत्त्वाचा. 'लसीमुळे' असे तिथे म्हटलेले नाही. आशाताई किंवा नर्सताई प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवतात, तिथून माहिती जिल्ह्याच्या लसीकरण अधिकाऱ्याकडे जाते. गंभीर घटना असेल तर राज्याची व केंद्राची तज्ज्ञ समिती कारण ठरवते.

कारणे वेगवेगळी निघतात. कधी दोष लसीचा असतो, कधी देणाऱ्याचा, कधी निव्वळ योगायोग. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने ती बरी झाली. त्रास लसीकरणाच्या केंद्रावर झाला, पण त्यात लसीचा काहीच संबंध नव्हता. म्हणून नोंदींची नुसती बेरीज करून 'लसीचे बळी' म्हणणे चूक आहे.

मग अशी नोंद निरुपयोगी का? मुळीच नाही. अमेरिकेत १९९० पासून कोणीही अशी तक्रार नोंदवू शकतो. १९९८ मध्ये तिथे जुलाबांच्या आजारावरील रोटाव्हायरसची एक नवी लस आली. काही महिन्यांत पंधराएक बाळांच्या तक्रारी आल्या : आतड्यात आतडे शिरून अडकले होते. तेवढ्यावरून जुलै १९९९ मध्ये लस देणे थांबवले, तपास केला. धोका खरा निघाला आणि लस बाजारातून गेली. नोंद ही धोक्याची घंटा आहे. घंटा वाजली म्हणजे आग लागलीच असे नाही, पण उठून पाहिले पाहिजे.

आपल्या दृष्टीने खरी अडचण दुसरीच आहे. जिथे कागद नाही, तिथे ही घंटा वाजतच नाही. पाड्यावर बाळ रात्री घरीच दगावते. लसीचे कार्ड हरवलेले असते, शवविच्छेदन होत नाही. मग समितीपुढे कारण ठरवायला काही उरत नाही. आईवडिलांना उत्तर मिळत नाही आणि अफवेला मात्र पाय फुटतात.

याचा मोठा धडा २००९ मध्ये मिळाला. तेव्हा आंध्र प्रदेशात असलेल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातच्या वडोदऱ्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. खम्मममध्ये कितीतरी मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या होत्या. प्रकल्पाच्या काळात सात मुली दगावल्या. एप्रिल २०१० मध्ये काम थांबवले गेले. चौकशीत सर्पदंश, बुडणे, विषबाधा अशी कारणे पुढे आली. लसीशी संबंध आढळला नाही. परंतु काही ठिकाणी संमतीपत्रावर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनीच सह्या केल्या होत्या. दुष्परिणाम टिपण्याची व्यवस्थाही अपुरी होती. संसदीय समितीने २०१३ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. ज्यांना आधी विचारले नाही, त्यांनी नंतरच्या अहवालावर विश्वास कसा ठेवावा?

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. जेकब पुलियल यांच्या याचिकेवर निकाल देताना केंद्राला सांगितले की, सामान्य माणसाला व खासगी डॉक्टरलाही त्रासाची नोंद करता यावी आणि व्यक्तीची ओळख न देता त्या नोंदी लोकांसाठी खुल्या असाव्यात. व्यवस्थेवरचा विश्वास वाढवायचा तो याच मार्गाने.

आपण काय करू शकतो?

• लस दिल्यावर बाळाला अर्धा तास केंद्रावरच थांबवावे. कार्ड पिशवीत जपून ठेवायला आईला सांगावे.

• ताप फार चढला, झटका आला, बाळ निपचित पडले, श्वासाला त्रास झाला, तर लगेच दवाखान्यात न्यावे व नर्सताईला कळवावे. लसीची तारीख, वेळ, त्रास कधी सुरू झाला, हे कागदावर लिहावे.

• औषध किंवा लसीच्या त्रासाची माहिती १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर कामाच्या दिवशी स्वतःही देता येते.

• मोबाईलवर आकडा आला तर पुढे पाठवण्याआधी विचारावे : हे 'नंतर' घडले की 'मुळे'? तपास झाला का? एकूण किती जणांना लस दिली होती?

गोवर, घटसर्प, धनुर्वात यांनी मुले मरतात हे खरे आहे, आणि लस त्यांना वाचवते हेही तितकेच खरे. म्हणून लस द्यावीच. पण एखाद्या आईने "लसीनंतर माझ्या बाळाला काहीतरी झाले" असे म्हटले, तर तिला गप्प करू नये. तिचे म्हणणे तारीखवार लिहून पुढे पाठवावे. पाड्यावरची नोंद खरी असेल, तरच दिल्लीतला आकडा खरा असेल.