कागदी डोळ्यांचा धाक

इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या आवारात तीन सायकल-स्टँडवर रोखलेल्या डोळ्यांचे चित्र आणि ‘सायकलचोरांनो, आमचे तुमच्यावर लक्ष आहे’ अशी पाटी लावण्यात आली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तिथल्या चोऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या. खरोखर कोणी पाहते आहे का, हे पाटीवरून कळत नव्हते. पण पकडले जाण्याचा धोका चोर अंदाजानेच जोखतो. बहुधा तो अंदाजच पाटीने बदलला. कागदी डोळ्यांना चोर भिईल कसा, ही शंका त्यामुळे टिकत नाही. खरा आक्षेप वेगळा आहे: बिनपाटीच्या जागी चोऱ्या ६५ टक्क्यांनी वाढल्या.

म्हणजे पाटीने चोराला सोयीची जागाही दाखवून दिली. दोष संदिग्धतेचा नाही, ती अपुरी पडल्याचा आहे. याउलट, अमेरिकेत मोटारीत लपवल्या जाणाऱ्या ‘लोजॅक’ या माग काढणाऱ्या यंत्राची बाहेरून खूण नसे, त्यामुळे चोराला कुठल्याही गाडीची खात्री वाटत नसे. इयान एअर्स आणि स्टीव्हन लेव्हिट यांच्या १९९८ च्या अभ्यासानुसार यंत्र नसलेल्या गाड्यांनाही त्याचा फायदा झाला. मात्र हे यंत्र चोरीची गाडी खरोखर शोधून देत असे. नुसत्या पाटीचा धाक टिकवायचा, तर अधूनमधून चोर पकडलाही गेला पाहिजे.