पुरंदरच्या माचीवरचं ज्यू बिऱ्हाड

शाळा-कॉलेजच्या रंगमंचावर ज्यू कुटुंब आलं की ते बहुधा ॲमस्टरडॅममधल्या त्या लपायच्या जागेतच येतं. पुस्तकांच्या कपाटामागचा दरवाजा, दबका आवाज, श्वास रोखून बसलेली माणसं. फ्रान्सिस गुडरिच आणि अल्बर्ट हॅकेट यांनी 1955 साली ॲन फ्रँकच्या डायरीचं नाटक केलं, दुसऱ्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं आणि जगभरच्या विद्यार्थ्यांना आयती संहिता सापडली. दहा पात्रं, एकच जागा, बेताचं नेपथ्य. पण तिथे लपलेल्या आठांपैकी जगला तो एकटा ऑटो फ्रँक. अख्खं कुटुंब तगून राहिल्याची गोष्ट हवी असेल, तर एकांकिका स्पर्धेत उतरणाऱ्या दौंडजवळच्या वरवंडच्या पोरांना हॉलंड गाठायची गरज नाही. चौफुल्याला वळायचं, सुपे, मोरगाव, जेजुरी, सासवड करत नारायणपूर गाठायचं. वर पुरंदर.

हा गड आपल्याला मुरारबाजींमुळे, 1665 च्या तहामुळे आणि संभाजीराजांच्या जन्मामुळे ठाऊक असतो. इंग्रजांनी तिथे गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम केलं. माचीवरच्या चर्चच्या भिंती अजून त्याची साक्ष देतात. दुसऱ्या महायुद्धात मात्र तिथे राहायला आली ती ‘शत्रुराष्ट्राची’ माणसं, बायकामुलांसह.

त्यांतलंच एक बिऱ्हाड सेल्झरांचं. हर्मन आणि केट सेल्झर, दोघंही डॉक्टर, दोघंही ज्यू. हिटलरच्या राजवटीमुळे परागंदा होऊन ते लाहोरला आले आणि तिथे त्यांनी दवाखाना थाटला. हेझल आणि मायकेल ही मुलं लहान होती. युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला उचलून आधी पुरंदरला, मग साताऱ्याला स्थानबद्ध केलं गेलं. हिटलरपासून पळालेल्यांना हिटलरची माणसं समजून कोंडणं! सरकारी कारभाराचा असला नमुना एखाद्या फार्समध्ये घातला तर परीक्षक म्हणतील, अतिशयोक्ती झाली.

सेल्झर एकटे नव्हते. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध जाहीर होताच हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांची धरपकड झाली आणि पुरुषांची रवानगी नगरच्या छावणीत झाली. त्या छावणीत कट्टर नाझी आणि त्यांच्या भीतीने देश सोडलेले ज्यू एकाच कुंपणात आले. पुढे माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी करून बऱ्याच ज्यूंना सोडलं. मुंबईत 1934 पासून काम करणारी ज्यूइश रिलीफ असोसिएशन त्यांच्यासाठी खटपट करत होती. पण 1940 मध्ये फ्रान्स पडला, संशय वाढला, आणि सुटलेल्यांपैकी काहींना पुन्हा आत जावं लागलं. पुरंदर आणि साताऱ्याला कुटुंबं ठेवली जात. त्यात जर्मन मिशनऱ्यांचे संसारही होते.

एकांकिका लिहिणाऱ्याने इथे कागदपत्रांकडे नीट पाहावं. 1938 च्या ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ छापला जाऊ लागला. त्याच वर्षीच्या हुकमाने, ज्यूंच्या ठरीव यादीत न बसणारं नाव असेल तर पुरुषाला ‘इस्रायल’ आणि बाईला ‘सारा’ हे जादा नाव लावणं सक्तीचं झालं. नोव्हेंबर 1941 मध्ये तर परदेशी राहणाऱ्या जर्मन ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं. म्हणजे बर्लिन म्हणतं, हे आमचे नव्हेत. आणि इंग्रज अधिकारी म्हणतो, हे जर्मन. एक टेबल, एक पासपोर्ट, एक शिक्का मारणारा हात, एवढ्या सामग्रीवर पहिला प्रवेश उभा राहतो.

मोह होईल तो रक्तपाताचा. तो टाळलेला बरा. पुरंदरावर गॅसची कोठडी नव्हती. होतं ते वाट पाहणं, पावसाळ्यातलं धुकं, आणि घरच्यांचं काय झालं असेल ही धास्ती. व्हिएन्नाहून 1939 मध्ये मुंबईत आलेल्या नर्तकी हिल्डे होल्गर इथे सुरक्षित राहिल्या, नृत्यशाळा चालवली. मागे राहिलेली त्यांची आई आणि बहीण मात्र नाझींच्या संहारात गेली. सुखरूप असणं आणि सुखी असणं यांतलं हे अंतर नटाने सोसायचं असतं, आरडाओरडा करून ते दिसत नाही.

भाषेचाही पेच आहेच. ही माणसं आपसात जर्मन बोलणार, साहेबाशी इंग्रजी. सगळ्यांच्या तोंडी सदाशिवपेठी मराठी घातली तर प्रयोग फसेल. त्यापेक्षा एखादं बेने इस्रायली पात्र आणावं: धर्माने ज्यू, बोलीने कोकणी वळणाची मराठी, आणि पुण्याच्या रास्ता पेठेत ज्यांचं सिनेगॉग 1921 पासून उभं आहे अशांपैकी एक. त्याला या गोऱ्या धर्मबंधूंचं कौतुकही वाटेल आणि त्यांचं बोलणं ओ की ठो कळणार नाही. मराठी नाटकाला लागणारा विनोद तिथे आपसूक आहे.

युद्धानंतर सेल्झर लाहोरला परतले. तोवर फाळणी उंबरठ्यावर आली होती. पूर्वीचे शेजारी निर्वासित होऊन निघून गेले आणि नवे निर्वासित त्या शहरात उतरले. डॉक्टर दांपत्याने तिथेच रुग्ण तपासले, आणि 1971 मध्ये इस्रायलची वाट धरली. त्यांची मुलगी हेझल काहान यांनी ती कहाणी पुढे रेडिओवर आणि पुस्तकात मांडली. पडदा पुरंदरावर पाडायचा की लाहोरला, हे दिग्दर्शकाने ठरवावं. वेळेची घंटा मात्र स्पर्धेचे संयोजक वाजवणार.