क्लायंट जर्मनीत, बिल वाशिममधून: जीएसटी लागतो का?

"क्लायंट बाहेरचा आहे, मग जीएसटीचा काय संबंध?" फ्रीलान्सिंग करणारी आपल्याकडची पोरं मला हे हमखास विचारतात. संबंध आहे. टॅक्स शून्य होऊ शकतो, पण आपोआप होत नाही.

समजा, रिसोडचा एक डेव्हलपर घरी बसून जर्मनीतल्या एका कंपनीचं ॲप सांभाळतो आणि महिन्याला 2,000 युरो घेतो. युरो 90 रुपये धरला तर वर्षाचे झाले 21 लाख 60 हजार. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण या 20 लाखांत निर्यातही मोजतात, आणि बरेच जण इथेच फसतात. मर्यादा ओलांडली की 30 दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा.

जीएसटी नंबर आला की शून्य टॅक्सचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे 18% आयजीएसटी आधी खिशातून भरा, मग रिफंड मागत बसा. आपल्या उदाहरणात दर महिन्याला 32,400 रुपये अडकले! दुसरा रस्ता एलयूटीचा. हे एक हमीपत्र असतं: टॅक्स न भरता निर्यात करतो, अटी पाळीन. जीएसटी पोर्टलवर आरएफडी-11 नावाचा फॉर्म आहे. फी नाही, फक्त दोन साक्षीदारांची नावं-पत्ते लागतात. मी तर म्हणेन, हाच रस्ता धरा. मात्र एलयूटी 31 मार्चला संपतो. नव्या वर्षाचं पहिलं बिल काढायच्या आधी नवा भरायचा. आणि टॅक्स शून्य असला तरी रिटर्न चुकवता येत नाही.

बिलावर क्लायंटचं नाव, पत्ता, देश आणि 'एलयूटीखाली, आयजीएसटी न भरता निर्यात' या अर्थाची नियमातली इंग्रजी ओळ हवी. जर्मन व्हॅट आपण लावायचा नाही. क्लायंट कंपनी असेल तर रिव्हर्स चार्जने तो व्हॅट ती स्वतःच तिकडे दाखवते, म्हणून तिचा व्हॅट नंबर बिलावर टाका. युरोपातल्या सामान्य ग्राहकांना थेट ॲप विकत असाल तर गोष्ट वेगळी. प्ले स्टोअरवर तो व्हॅट गूगल भरतं. स्वतःच्या वेबसाइटवरून विकलं तर ते काम तुमच्या गळ्यात.

पेमेंट परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तिथे रुपयांत, यायला हवं. तेही बिलापासून वर्षभरात. नाही आलं आणि मुदतवाढही मिळाली नाही, तर पुढच्या 15 दिवसांत टॅक्स व्याजासकट भरावा लागतो. त्यामुळे प्रत्येक पेमेंटचा एफआयआरए, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा कागद, मागून घ्या आणि त्या-त्या बिलाच्या पीडीएफसोबत ठेवा.