कळपात नवी कोंबडी

कोंबड्यांच्या कळपात मानाची उतरंड असते. दाण्याला आधी कोणी यायचे, दांडीवर वर कोणी बसायचे हे टोचा मारून ठरते. नॉर्वेचे थॉर्लीफ श्येल्डेरूप-एब्बे यांनी 1921 मध्ये हा क्रम शास्त्रीय पद्धतीने मांडला. नवी कोंबडी आली की तो विस्कटतो आणि भांडणे नव्याने होतात.

पण भांडणापेक्षा मोठा धोका रोगाचा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, या रोगाची लक्षणे दिसायला साधारण दोन ते पंधरा दिवस लागतात. म्हणून बाजारातून आणलेली कोंबडी, ती कितीही तजेलदार दिसो, तीन-चार आठवडे वेगळी ठेवावी. भांडी वेगळी हवीत, आणि दाणापाणी आधी जुन्या कळपाला, मग तिला. पिसांखालच्या उवा याच काळात तपासाव्यात. रायपूरच्या गोल बाजारासारख्या दाट वस्तीत दूरचा कोपरा मिळणे अवघड. तिथे ती ओळखीच्या घरी ठेवणेच बरे.

त्यानंतर आठवडाभर मध्ये जाळी ठेवावी. एकमेकींना दिसाव्यात, टोच मात्र पोहोचू नये. मग संध्याकाळी तिला खुराड्यात दांडीवर बसवावे. अंधारात कोंबड्यांना नीट दिसत नाही, त्या शांत असतात. सकाळी लवकर लक्ष ठेवावे. दाण्याची दोन-तीन भांडी लांब लांब मांडली की दुबळीलाही खायला मिळते. एकटीऐवजी दोघी आणल्यास मारा वाटला जातो.

किरकोळ टोचाटोची चालू द्यावी. रक्त दिसले तर जखमी कोंबडीला लगेच बाजूला काढावे, कारण लाल रंगाकडे बाकीच्या धावतात. रायपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हाचा ताण असताना ही जुळणी टाळावी.