लॉख हाइनच्या पाण्यात कॅमेरा नेताना

कॉर्क काउंटीतील स्किबरीनजवळचे लॉख हाइन हे खाऱ्या पाण्याचे सरोवर १९८१ साली आयर्लंडचे पहिले सागरी राखीव क्षेत्र ठरले. तेथे स्कूबा डायव्हिंगसाठी परवाना घ्यावा लागतो. हा नियम आम्हांस प्रारंभी जाचक वाटला; तेथील स्पंज कसे जगतात हे समजल्यावर मत बदलले. हे जीव सूक्ष्म छिद्रांतून पाणी गाळून अन्न मिळवतात. कॅमेऱ्यात गुंतलेल्या पाणबुड्याच्या पायांनी उडालेला गाळ तीच छिद्रे बुजवतो. २०१० ते २०१५ या काळात येथील स्पंज मोठ्या प्रमाणात घटले. उरलेल्यांवर आणखी भार नको.

म्हणून आधी पाण्यात स्थिर तरंगणे साधावे, कॅमेरा नंतर. तोल सावरण्यास खडक धरू नये, चित्र साधण्यासाठी जीव हलवू नये. (मालवणच्या प्रवाळांजवळही हेच पाळावे.) गाळ उठलाच तर मागे सरावे, तसेही फ्लॅशचा उजेड त्या कणांवरून परततो आणि छायाचित्रात पांढरे ठिपकेच उमटतात.