घरगुती फाइल सर्व्हरची साठवणक्षमता वाढविताना

लोकसाहित्य किंवा बोली यांचा अभ्यास करू लागलेल्या विद्यार्थ्याजवळ क्षेत्रकार्याच्या पहिल्या वर्षभरातच इतकी सामग्री जमते, की ती मोबाइलमध्ये आणि पेन ड्राइव्हमध्ये मावेनाशी होते. वर्धा जिल्ह्यात आर्वी, हिंगणघाट, सेलू या तालुक्यांतील गावे फिरून जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, शेतीकामातील शब्द टिपणाऱ्याला हा अनुभव लवकरच येतो. त्यावर काहींनी घरच्या राउटरला जोडलेली, दोन-तीन हार्ड डिस्क असलेली एक लहान पेटी घेतलेली असते. हाच घरगुती फाइल सर्व्हर. घरातील सर्व संगणकांना आणि मोबाइलना तो एका सामायिक कपाटासारखा वापरता येतो. हे कपाट भरले म्हणजे काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम सामग्रीचे आकारमान पाहू. ए-४ आकाराचे एक पान प्रत्येक इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केले, तर त्यात सुमारे ८७ लाख बिंदू येतात. रंगीत चित्रात प्रत्येक बिंदूला तीन बाइट लागतात. म्हणजे संकोचन न करता ठेवलेले एक पान सुमारे २६ एमबी आणि दोनशे पानांची एक वही ५ जीबीहून थोडी अधिक जागा घेते. तीच वही युनिकोडमध्ये टंकलिखित केली, तर चित्र पूर्ण पालटते. देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा वा हलंत यांस प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात. पानावर असे पंधराशे घटक धरले, तरी दोनशे पाने एका एमबीत बसतात. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. एका ओवीला तीनशे बाइट धरले, तर त्या सर्वांची संहिता अवघ्या ३० एमबीत मावेल. आवाज मात्र इतका आटोपशीर नसतो. चांगल्या प्रतीचे, दोन वाहिन्यांचे एक तासाचे ध्वनिमुद्रण सुमारे ७०० एमबी होते. संहिता आहे म्हणून आवाज पुसून टाकावा, असे काही जण सुचवितात. ते आम्हांस मान्य नाही, कारण ओवीचा गळा, तिचा ठेका आणि जात्याची घरघर संहितेत उतरत नाही.

डिस्कच्या वेष्टणावरील आकडाही नीट समजून घ्यावा. ४ टीबीची डिस्क जोडल्यावर संगणक सुमारे ३.६४ टीबी दाखवितो, तेव्हा दुकानदाराने फसविले असे वाटते. वस्तुतः उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि अनेक संगणक १०२४ च्या पटीत मोजतात. शेर आणि किलो यांच्यासारखाच हा मापांचा भेद आहे.

क्षमता वाढविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पेटीला बाहेरून एक डिस्क जोडणे. तात्पुरती गरज त्याने भागते, परंतु त्या डिस्कवरील सामग्रीला दुसरी प्रत नसते. पेटीत मोकळी खाच असेल, तर तिथे नवी डिस्क बसविता येते. तीन डिस्कच्या एका प्रचलित मांडणीत दोन डिस्कइतकी जागा वापरता येते आणि तिसरीइतकी जागा दुरुस्तीच्या माहितीसाठी राखली जाते. पण बहुतेकांच्या घरी दोनच खाचा असतात आणि दोन्ही डिस्कवर तीच माहिती आरशातील प्रतिमेप्रमाणे लिहिलेली असते. तेथे जुन्या डिस्क काढून मोठ्या बसविणे हाच मार्ग उरतो, आणि चुका होतात त्या येथेच.

या मांडणीत एका वेळी एकच डिस्क काढावयाची असते. पहिली ४ टीबीची डिस्क काढून ८ टीबीची बसविली, की सर्व्हर उरलेल्या डिस्कवरून तिच्यावर सर्व माहिती उतरवितो. सेकंदाला १५० एमबी हा वेग धरल्यास ४ टीबीला साधारण साडेसात तास लागतात आणि दरम्यान कोणी फाइली वापरत असेल, तर आणखी वेळ जातो. हे पूर्ण झाल्यावरच दुसरी डिस्क बदलावी. पहिल्या बदलानंतर जागा वाढलेली दिसत नाही, म्हणून घाबरू नये. आरशाचे माप लहान डिस्कवर ठरते. दोन्ही मोठ्या झाल्यावर आणि सर्व्हरला जागा विस्तारण्याची आज्ञा दिल्यावरच वाढ हाती येते.

या तासांत संपूर्ण संग्रह एकाच जुन्या डिस्कवर अवलंबून असतो, आणि तीच डिस्क कधी नव्हे इतकी अखंड वाचली जात असते. तिने त्याच वेळी दगा दिला तर? म्हणून डिस्क बदलण्यापूर्वी सर्व सामग्रीची स्वतंत्र प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. दोन डिस्कचा आरसा म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. एका डिस्कवरील फाइल चुकून पुसली, तर त्याच क्षणी दुसरीवरूनही ती पुसली जाते. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि वीजही खंडित होते. त्यामुळे हे काम शक्यतो पावसाळा सरल्यावर, रात्री आणि यूपीएस जोडूनच करावे. डिस्क विकत घेताना तिची लेखनपद्धतीही विचारून घ्यावी. काही डिस्कमध्ये माहितीच्या रेषा छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकींवर चढविलेल्या असतात. मधले एक कौल बदलावयाचे, तर शेजारची उचलावी लागतात. त्यामुळे अशा डिस्कवर पुनर्लेखनाला तासांऐवजी दिवस लागू शकतात.

कोणती डिस्क काढावयाची, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. वर्धेजवळच्या ज्या खेड्यात गांधीजी १९३६ साली राहावयास गेले, त्याचे नाव शेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातील प्रसिद्ध शेगावशी त्याचा घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० साली त्याचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. डिस्कचेही असेच होते. संगणक त्यांना ‘पहिली’, ‘दुसरी’ अशी नावे देतो, आणि नवी डिस्क जोडल्यावर किंवा सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर हा क्रम बदलू शकतो. डिस्कच्या पट्टीवर छापलेला अनुक्रमांक मात्र बदलत नाही. काम सुरू करण्यापूर्वी तो वहीत लिहून घ्यावा आणि पडद्यावरच्या अनुक्रमांकाशी ताडून मगच डिस्कला हात लावावा. सुदृढ डिस्क काढून बिघडलेली आत ठेवल्याचे प्रसंग दुर्मीळ नाहीत.

मराठी सामग्री एका पेटीतून दुसरीत नेताना आणखी एक अडचण येते, जी इंग्रजी पुस्तिकांत क्वचितच सांगितलेली असते. बहुतेक घरगुती सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तेथे फाइलच्या नावाला सामान्यतः २५५ बाइटांची मर्यादा असते. देवनागरीत याचा अर्थ ८५ घटक, आणि त्यात मात्रा व हलंतही मोजले जातात. विंडोजवर चालणारे ‘आजीने सांगितलेल्या ओव्या…’ अशा थाटाचे लांबलचक नाव येथे नाकारले जाते आणि ती फाइल मागे राहते. ‘वऱ्हाडी’ या शब्दातील ‘ऱ’ची गंमत तर निराळीच आहे. हा वर्ण युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण सर्व्हरच्या लेखी ती दोन भिन्न नावे असतात. एकाच फोल्डरच्या दोन प्रती, प्रत्येकीत निम्मीच सामग्री, असा प्रकार यातून घडतो.

प्रत करताना ‘कॉपी’ करावे, ‘कट’ कदापि करू नये. प्रस्तुत लेखकाने एकदा घाईने ‘कट’ केले, मध्येच वीज गेली, आणि एका वृद्ध बाईंच्या ओव्यांची फाइल नव्या डिस्कवर अर्धीच उतरली. नाव तेच, चिन्ह तेच. म्हणून शंका आली नाही. दोन महिन्यांनी ऐकावयास घेतली, तेव्हा सतराव्या मिनिटाला आवाज थांबला. त्या बाई तोवर निवर्तल्या होत्या.

म्हणून स्थलांतर झाल्यावर फाइलींची संख्या आणि एकूण आकार तर ताडावाच, पण प्रत्येक फाइलचा चेकसमही काढावा. चेकसम म्हणजे फाइलीतील सर्व बाइटांवरून गणिताने काढलेली एक संख्या. एक बाइट बदलला, तरी ती पार निराळी येते. जुन्या आणि नव्या प्रतींच्या संख्या जुळल्या, की मजकूर जुळला असे समजावे. ही तुलना करणारी मोफत साधने उपलब्ध आहेत आणि सर्व्हर ते काम रात्रभरात करून ठेवतो. त्यातूनही जुन्या डिस्क लगेच विकू नयेत वा पुसू नयेत. तारीख आणि अनुक्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवून त्या काही महिने दुसऱ्या घरी, कोरड्या जागी ठेवाव्यात.