आधी असलेलं मोजायचं

पहाटे ५.३०

पडवीच्या कठड्यावर काल रात्री ठेवलेली काचेची बाटली बघणं हे दिवसाचं पहिलं काम. तिच्यात तिसरा हिस्सा परड्यातली माती, बाकीचं पाणी आणि चिमूटभर मीठ. हलवून ठेवली की रेती मिनिटाभरात तळाला बसते, गाळाला काही तास लागतात आणि चिकणमाती रात्रभर रेंगाळून सगळ्यात वर थर धरते. आज हा वरचा थर निम्म्याहून जाड आहे. इतकी चिकट माती चिऱ्यांच्या सांध्यात भरली, तर सुकताना आकसून तडे जातील. तिच्यात रेती मिसळायला हवी, आणि ती विकत आणायला हवी.

माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ असते. डावीकडे ‘इथे आहे’, उजवीकडे ‘आणायचं’. उजवीकडे लिहिते : रेती, एक ब्रास.

सकाळी ७.००

कुडाळ तालुक्यातलं हे घर दहा वर्षं बंद होतं. मालक डोंबिवलीला. छप्पर बसलं, मागची भिंत ढासळली, तेव्हा त्यांनी सगळं पाडून मागच्या सपाट कुळागरात नवं घर बांधायचं ठरवलं होतं. मी त्यांना जागेवर नेऊन फक्त पायाखाली बघायला सांगितलं. जुन्या माणसांनी घर कातळावर ठेवलं होतं आणि माती माड-पोफळींना दिली होती. या भागात मातीचा थर मुळात पातळ. जिथे काही उगवत नाही तिथे राहायचं आणि जिथे उगवतं ती जागा मोकळी ठेवायची, हा हिशोब त्यांना नकाशाशिवाय कळला होता. आता जोतं तेच आहे, आणि कुळागरातला एकही माड पडलेला नाही.

भिंती वरपर्यंत आल्या आहेत. बाजूच्या दोन भिंतींचे त्रिकोण तेवढे बाकी. जवळपास सगळे चिरे जुन्या घराचेच. ते साबूत मिळाले, कारण जुनी भिंत मातीत बांधलेली होती. पहारीने अलगद उचकलं की चिरा सुटा होतो, ब्रशने माती झाडली की पुन्हा लावायला तयार. सिमेंटात घट्ट बसवलेली भिंत पाडताना सांधा सुटत नाही, चिराच फुटतो. म्हणून नवी भिंतही मातीतच बांधतोय. बाहेरून फक्त इंचभर खोल चुन्याची दर्जाबंदी, म्हणजे पाऊस सांध्यात शिरणार नाही. आणखी ऐंशी वर्षांनी कुणाला हे घर उतरवावंसं वाटलं, तर त्याला चिरे मिळायला हवेत.

जांभ्याचा स्वभावच उपकारी आहे. खाणीत असतो तोवर तो मऊ कापला जातो आणि उघड्या हवेत आला की टणक होत जातो. भट्टी लागत नाही, सरपण लागत नाही. फ्रान्सिस बुकाननने केरळात तो पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याचं इंग्रजी नाव ठेवलं. पण खाण मात्र मागे खड्डा ठेवून जाते. जुना चिरा परत लावला की तेवढा खड्डा वाचतो.

सकाळी ९.००

कौलं तपासायला तिघीजणी बसल्या आहेत. मापदंड एकच : बोटाच्या पेराने टिचकी मारायची. खणखणीत आवाज आला तर कौल चांगलं, बद्द आवाज आला तर आत चीर आहे. उतरवलेल्या २१०० कौलांपैकी १८०० खणखणीत निघाली. छपराला साधारण १७०० लागतील. उरलेली शंभर पडवीच्या माळ्यावर ठेवायची, कारण माकडं कौलं फोडतात आणि या त्रासापायीच गावातली कितीतरी घरं पत्र्याखाली गेली. हाताशी जादा कौलं असली तर एक फुटलं म्हणून अख्खं छप्पर बदलायची पाळी येत नाही.

फुटक्या तीनशेंचाही ढीग वेगळा लावलाय. त्यांचं काम दुपारी.

सकाळी ११.००

सुतारआबा ऐनाच्या जुन्या वाशांवर किकऱ्याचं टोक टोचत फिरतायत. टोक रुतलं तिथे लाकूड गेलं. बहुतेक वासे फक्त भिंतीत रुतलेल्या टोकाशी कुजलेत, बाकी लोखंडासारखे आहेत. टोकं कापून टाकली की वासा फूटभर आखूड होतो. मी खोलीची रुंदी भिंती उभ्या करण्यापूर्वीच नऊ इंचांनी कमी केली आणि छपराची वळचण बेतात घेतली, ती याच वाशांसाठी. नकाशा कागदावर बदलायला एक खोडरबर पुरतं. नवा वासा हवा तर एक झाड.

“ताई, ह्यो वासो अजून माझ्या नातवाक पुरतलो,” आबा म्हणतात आणि काजूच्या टरफलांच्या तेलाचा हात देतात. ते तेल कातडी भाजतं म्हणून पोरांना लांब ठेवतात, वाळवीही तेवढीच लांब राहते.

डावीकडे लिहिते : वासे, बावीस. उजवीकडून खोडते : नवे वासे.

दुपारी १.००

आंब्याखाली भाकरी, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी. अर्धा तास सगळे आडवे.

दुपारी २.००

न्हाणीघरावर पाण्याची टाकी येणार, म्हणून तेवढ्यापुरता सिमेंटचा स्लॅब. स्लॅब वाकतो तेव्हा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. ताण सळई सोसते, खालचं काँक्रीट बरंचसं नुसतं वजन म्हणून तिथे असतं. म्हणून सळयांच्या चौकटींमध्ये फुटकी मंगलोरी कौलं रचायची आणि वर काँक्रीट ओतायचं. सिमेंट वाचतं, स्लॅब हलका होतो. टाकीचं ओझं धरून सळईचा हिशोब इंजिनिअरकडून करून घेतला आहे, त्यात अंदाज चालत नाही.

ही रीत भारतात रुजवली लॉरी बेकर यांनी. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला हा वास्तुविशारद केरळचाच होऊन गेला, २००७ साली तिरुवनंतपुरमला वारला. घराचं सामान पाच मैलांच्या परिघातलं असावं, हे आपल्याला गांधीजींनी सांगितलं, अशी आठवण ते सांगत. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते. हे आठवलं की पोत्याचं तोंड सोडताना हात सावध होतो. इथे पाच मैलांत जांभा, माती, शेण, माड आहेत. सिमेंट नाही, सळई नाही. जे नाही तेवढंच बाहेरून आणायचं, आणि मोजून.

दुपारी ३.३०

विहिरीच्या वरच्या अंगाला शोषखड्डा खणणं चालू आहे. या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो, कारण जांभ्यातून पाणी भरभर निसटतं. शंभर चौरस मीटर छपरावर या हिशोबाने वर्षाला तीन लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरची टाकी तर आषाढातला एक जोराचा दिवस भरून टाकेल. बाकीचं पन्हळीतून खड्ड्यात, खड्ड्यातून जमिनीत.

गवंडीकाकांनी खड्डा मला हवा होता तिथून चार हात सरकवला. “बाय, पाण्याक वाट दी, नायतर ता आपली वाट करतला.” पावसात इथून लोट कुठे वळतो, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. मी नकाशावरचा गोल पुसला.

न्हाणीचं पाणी केळी आणि अळवाकडे वळवायचं, भांड्यांचं कर्दळीकडे.

संध्याकाळी ५.००

मालकीणकाकूंचा डोंबिवलीहून फोन. “अगं, शेजारी विचारतायत, एवढा खर्च करून परत कौलंच?” मी त्यांना खरं ते सांगते. दरवर्षी मिरगाच्या आधी घर शाकारावं लागेल. सामानात वाचलेले बरेचसे पैसे मजुरीत गेलेत, म्हणजे गावात राहिलेत. आणि मे महिन्यात दुपारी पंखा न लावता माजघरात झोपता येईल. जरा वेळ त्या गप्प. मग विचारतात, “सासूबाईंचा देव्हाऱ्याचा कोनाडा राहिलाय ना?” राहिलाय. त्याचे चिरे आम्ही खडूने नंबर घालून उतरवले होते.

संध्याकाळी ७.००

मिरगाला अठरा दिवस उरले. आढ्याचे कोने आठवड्यात चढायला हवेत. वही उघडते. सकाळी उजवीकडे नऊ ओळी होत्या, आता सहा आहेत : सिमेंट, सळई, चुना, खिळे, पन्हळ, रेती.

शेवटच्या ओळीवर पेन थांबतं. दुपारी खड्डा कमरेइतका खोल गेला, तेव्हा गवंडीकाकांनी वर टाकलेली माती परड्यातल्यासारखी करड्या रंगाची नव्हती. तांबडी, खरबरीत, मुठीत दाबून उघडली की लगेच सुटणारी. तिचा मोठा ढीग पडलाय आणि तो कुठे टाकायचा, असं उद्या गडी विचारणारच होते.

रात्री ९.३०

बाटली धुऊन घेतली. तिसरा हिस्सा खड्ड्यातली माती, पाणी, चिमूटभर मीठ. दोन्ही हातांनी हलवून कठड्यावर ठेवली. मोबाइलच्या उजेडात बघत राहते. तळाशी दाणेदार थर भराभर चढतोय, बोटभर, दोन बोटं. चिकणमाती किती, ते पहाटेच कळेल. रेतीच्या ओळीवर अजून काट मारलेली नाही. पण रेतीवाल्याला करायचा फोनही मी आज केला नाही.